करपा (केळी)

केळीच्या पानांवरील बुरशीजन्य रोग. खानदेशात, विशेषतः रावेर, यावल, चोपडा या केळीच्या तालुक्यांत, त्याला नुसते ‘करपा’ म्हणतात. पुस्तकी नाव सिगाटोका. हे नाव फिजीतल्या सिगाटोका खोऱ्यावरून पडले. तिथे हा रोग १९१२ च्या सुमारास नजरेत भरला. कारणीभूत बुरशी मायकोस्फेरेला म्युझिकोला. ‘करपा’ या नावावरून उन्हाचा दोष वाटतो, पण या रोगाला लागते ती ओल.

बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचा प्रसार करणारे सूक्ष्म कण, दोन तऱ्हांचे असतात. एक वाऱ्यावर लांब जातात. दुसरे दवाच्या, पावसाच्या पाण्याबरोबर ओघळून खालच्या पानांवर आणि पिलांवर (बुंध्याशी फुटणाऱ्या नव्या रोपांवर) उतरतात. पोंग्यात, म्हणजे न उलगडलेल्या गुंडाळलेल्या पानात, पाणी उतरले असेल, तर पान उलगडल्यावर ठिपके चक्क रांगेने दिसतात.

ओल्या पानावर बीजाणूला कोंब फुटतो, पण तो लगेच आत शिरत नाही. पानावरून सरपटत तो पर्णरंध्र, म्हणजे पानाचे सूक्ष्म छिद्र, गाठतो. केळीच्या पानाची रंध्रे खालच्या बाजूला जास्त असतात. रंध्रावर त्याचे टोक फुगते आणि फुगवट्यातून बारीक तंतू आत उतरतो. भोक पाडायची गरजच नसते. पान श्वास घेते तेच दार वापरले जाते. आत तंतू पेशींमध्ये न घुसता त्यांच्यामधल्या फटींतून पसरतात. गव्हावरच्या तांबेरा रोगाची बुरशी पेशीत शोषकांग (अन्न शोषणारा अवयव) खुपसते, पण पेशी जिवंत ठेवून खाते. करप्यात मात्र शेजारच्या पेशी मरत जातात. त्यामुळे डाग वाढतो.

पहिली खूण म्हणजे उपशिरांना समांतर बारीक पिवळसर रेघ. ती पुढे तपकिरी होते, मध्यभाग राखाडी पडतो, कडेला पिवळी झालर राहते. डाग एकमेकांत मिसळले की पान वाळते. त्या राखाडी भागावरच नवे बीजाणू धरतात.

रेघ बहुधा वरून तिसऱ्या-चौथ्या पानावर दिसते, लागण मात्र पान उलगडत असतानाच झालेली असते. ‘परवापर्यंत बाग चांगली होती’ हे बांधावरचे बोलणे म्हणूनच फसवे. निसवणीनंतर, म्हणजे घड बाहेर पडल्यावर, नवे पान येत नाही. उरलेल्या पानांवरच घड पोसायचा असतो. ती करपली तर केळी बारीक राहतात, झाडावरच अवेळी पिकू लागतात, आणि असा माल लांबच्या वाहतुकीला टिकत नाही.

फवारणी पानाच्या खालच्या बाजूला आणि कोवळ्या पानांवर पोचावी लागते. रोगट पाने कापून बागेतच टाकली, तर वाळल्या पानांतूनही बीजाणू सुटत राहतात.