अल्गी ईटर घेताय? चायनीज की सयामीज, ते आधी बघा

माशांच्या टाकीच्या काचेवर हिरवट थर चढला, आतल्या झाडांच्या पानांवर काळ्या केसांसारखं शेवाळ उगवलं की दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: ‘एक अल्गी ईटर, म्हणजे शेवाळ खाणारा मासा, सोडा, आठवड्यात टाकी चकाचक.’ पण या नावाखाली आपल्याकडे निदान दोन वेगळे मासे सर्रास विकले जातात. एक एंजेल, टेट्रा, गुरामी अशा बहुतेकांशी जमवून घेतो. दुसरा वर्षभरात टाकीचा दादा होतो आणि शेवाळाऐवजी शेजाऱ्यांच्या अंगावर तोंड लावतो. विकताना दोघेही दीड-दोन इंचांचे, लांबुडके आणि अंगावर गडद पट्टा असलेले असतात. त्यामुळे गल्लत होणारच.

पहिला सयामीज अल्गी ईटर, हौशी लोकांच्या बोलण्यात ‘एसएई’. क्रॉसोचेइलस या वंशातल्या एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन-तीन जाती या नावाने बाजारात येतात. आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला हा मासा, आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत दगडांवरचं शेवाळ खरवडणारे गारा हेही त्याचे जवळचे नातेवाईक. दुसरा चायनीज अल्गी ईटर, म्हणजे ‘सीएई’. शास्त्रीय नाव गायरिनोकेइलस आयमोनिएरी. नावात चीन असला तरी तो मुख्यतः थायलंड, लाओस, कंबोडियाचा, मेकाँग आणि चाओ फ्रायासारख्या नद्यांतला. तिकडे तो खातातही. पूर्ण वाढ झाली की तो 25 सेंटिमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. घरच्या टाकीत तेवढा होत नाही, पण वीतभर सहज होतो. सोनेरी रंगाचा ‘गोल्डन अल्गी ईटर’ दिसला तर तो बहुधा सीएईच. एसएई सोनेरी रंगात सहसा विकायला येत नाही.

ओळखायचं तोंडावरून. दुकानात पिशवी भरून घेण्याआधी दोन मिनिटं काचेसमोर नुसते उभे राहा. सीएई काचेला चिकटतो आणि पोटाकडून त्याचं तोंड स्पष्ट दिसतं: जाड ओठांची गोल चकती, आतून खरबरीत. वाहत्या नदीत दगडाला धरून राहण्यासाठीच ती बनली आहे. पण तोंड दगडाला लावलेलं असताना श्वास कसा घ्यायचा? त्यासाठी या माशाच्या कल्ल्याच्या वरच्या टोकाला पाणी आत घेणारं एक वेगळं छिद्र असतं. बाकी मासे पाणी तोंडातून घेतात आणि कल्ल्यातून सोडतात. याचं तोंड रिकामं नसलं तरी अडत नाही. चिकटलेला असताना त्याची कल्ल्याची झाकणं भराभर हलताना दिसतात. एकदा पाहिलं की पुढे चुकत नाही.

एसएईला असली चकती नसते. तो काचेवरून, पानांवरून टोचत टोचत पुढे सरकतो, पण लोंबकळून राहत नाही. दमला की तळाला किंवा रुंद पानावर पुढच्या परांवर रेलून बसतो. पट्टाही बघा. एसएईचा काळा पट्टा नाकापासून निघतो आणि शेपटीच्या परात शिरून थेट खाचेपर्यंत जातो; बाकीचे पर पारदर्शक. सीएईचा पट्टा बहुधा तुटक, ठिपक्याठिपक्यांचा असतो. लहान आणि घाबरलेले मासे फिके पडतात, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नये.

इथे तिसरा एक तोतयाही आहे, फ्लाइंग फॉक्स. त्याच्या काळ्या पट्ट्यावर सोनेरी रेघ असते आणि परांवर काळे-पांढरे डाग. सीएईइतका उपद्रवी नाही, पण आपली जागा सोडत नाही आणि काळ्या शेवाळाला तोंडही लावत नाही. दिसायला मात्र तिघांत देखणा तोच.

आता मुद्दा सोबत्यांचा. सीएई लहान असताना खरंच शेवाळ खातो, म्हणूनच पहिले काही महिने घेणारा खूश असतो. वाढेल तसा तो फिश फूडवर येतो, शेवाळाकडे दुर्लक्ष करतो आणि एखादा कोपरा आपला म्हणून राखू लागतो. याच काळात त्याला दुसऱ्या माशांच्या अंगावरच्या चिकट आवरणाची चटक लागू शकते. रुंद, चपट्या अंगाचे आणि संथ मासे आधी सापडतात: एंजेल, डिस्कस, गोल्डफिश. हे बहुतेक रात्री, दिवे बंद झाल्यावर घडतं. सकाळी एंजेलच्या कुशीवर फिकट, गोलसर डाग दिसतो, तिथले खवले विस्कटलेले असतात, आणि लोक ‘बुरशी झाली’ म्हणून औषध ओततात. चट्ट्यावर नंतर बुरशी येऊही शकते, पण मूळ कारण काचेला चिकटून बसलेलं असतं. भरपूर काकडी, उकडलेला पालक, स्पिरुलिनाच्या गोळ्या दिल्या तर ही खोड कमी होते असं सांगतात. थोडी होतेही, पण त्या भरवशावर मी डिस्कसच्या टाकीत सीएई सोडणार नाही.

गोल्डफिशबरोबर अल्गी ईटर ही तर आपल्याकडची आवडती जोडी, आणि सगळ्यात वाईटही. गोल्डफिश रात्री तळाशी जवळजवळ स्थिर राहतो आणि त्याला थंड पाणी मानवतं. सीएई गरम प्रदेशातला.

एसएई मात्र टेट्रा, रासबोरा, डॅनिओ, बार्ब, कोरीडोरास, गुरामी, एंजेल यांच्यात रमतो. झाडांची टाकी असेल तर त्याला तोड नाही, कारण पानांच्या कडेला येणारं काळं ब्रशसारखं शेवाळ (हौशी लोक त्याला ‘बीबीए’ म्हणतात) खाणारे मासे फार थोडे आहेत आणि त्यात हा अग्रणी. तरी तोही साधुसंत नाही. सढळ हाताने खाणं दिलं तर आळशी होतो, जावा मॉस ही टाकीतली नाजूक पाणवनस्पती कुरतडतो, आणि उडी मारतो. टाकीला झाकण हवंच, नाहीतर सकाळी तो फरशीवर सापडेल. एक ठेवा किंवा पाच-सहा. दोघे-तिघेच असले की त्यांच्यात पाठलाग चालू राहतो. रेड टेल शार्कबरोबर (नावापुरताच शार्क, टाकीतलाच लहान मासा) एसएई-सीएई दोघांपैकी कुणालाच ठेवू नये. तो स्वतःसारख्या लांबुडक्या माशांना टाकीभर पळवतो.

जागेचं गणितही दुकानात कुणी सांगत नाही. आपल्याकडची नेहमीची 2 बाय 1 बाय 1 फुटाची टाकी काठोकाठ भरली तरी जेमतेम 56 लिटरची. ती एसएईला लहान, सीएईला तर फारच लहान. 3 फूट लांब, 1 फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण 127 लिटर पाणी मावतं. एसएईसाठी तिथून सुरुवात करावी. त्याहून लहान टाकी असेल तर मासा घेऊच नका. दिवा रोज सहा-सात तासांवर आणा, खाणं अर्धं करा, दर आठवड्याला थोडं पाणी बदला. निम्मं शेवाळ तिथेच आटोपतं.

सीएई आधीच घरात असेल तर? मोठी टाकी असेल आणि सोबतीला टायगर बार्बसारखे चपळ मासे असतील, तर एकटा सीएई वर्षानुवर्षं नीट राहतो. तसं नसेल तर दुकानात परत द्या. बरेच दुकानदार मोठा झालेला मासा घेतात. पकडायला सोपा नाही. दगड आणि लाकडं बाहेर काढून, दोन जाळ्यांनी कोपऱ्यात घ्यावा लागतो. कंटाळून तळ्यात किंवा नदीत मात्र सोडू नका. टाकी साफ करायला म्हणून आणलेला सकर मासा असाच बाहेर सोडला गेला, आणि आज भारतात कितीतरी ठिकाणी मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो. काटेरी परांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही.