एक्का, लान्स नायक अल्बर्ट

(२७ डिसेंबर १९४२ – डिसेंबर १९७१). भारतीय लष्करातील ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटच्या १४ व्या बटालियनचे (१४ गार्ड्स) जवान. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर परमवीर चक्र एकट्या त्यांनाच मिळाले, तेही मरणोत्तर. गार्ड्सचे केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे. त्यामुळे भरतीची तयारी करणाऱ्या विदर्भातल्या पोरांना हे नाव ठाऊक असायलाच हवे.

जन्म गुमला जिल्ह्यातील (आता झारखंड) जारी गावी, उराँव आदिवासी कुटुंबात. लहानपणापासून शिकारीत मुरलेले, हॉकीतही चांगले. डिसेंबर १९६२ मध्ये बिहार रेजिमेंटमध्ये भरती झाले; १९६८ मध्ये १४ गार्ड्स उभी राहिल्यावर तिकडे गेले.

गंगासागर हे त्रिपुरातल्या आगरतळ्याजवळ, सीमेपलीकडचे, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातले (आता बांगलादेश) रेल्वे स्थानक. भोवती दलदल, पाय ठरेल अशी जागा म्हणजे रुळांचा उंच भराव, आणि त्याच्याच आधाराने पाकिस्तानी मोर्चेबंदी. ३ डिसेंबरच्या रात्री हल्ला सुरू झाला. एक्का डावीकडच्या आघाडीच्या कंपनीत होते. एका बंकरमधली हलकी मशीनगन जवान टिपू लागली. अशा वेळी आडवे पडून राहणे सुरक्षित वाटते, पण बंकर एकमेकांना गोळीबाराचे संरक्षण देतील असेच बांधलेले असतात. जो थांबतो तो दोन्हीकडून सापडतो. एक्कांनी थेट बंकरवर धाव घेतली, दोघांना संगिनीने मारले, मशीनगन बंद पाडली. यातच ते गंभीर जखमी झाले. तरीही सुमारे मैलभर खोल पसरलेल्या त्या ठाण्यात ते साथीदारांबरोबर एकेक बंकर साफ करत पुढे गेले.

खरी कसोटी उत्तर टोकाला लागली. एका भक्कम इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून मध्यम मशीनगन सुरू झाली आणि हल्ला अडला. एक्का सरपटत भिंतीपर्यंत पोचले आणि त्यांनी आत हातबॉम्ब टाकला. एक शत्रुसैनिक मेला, दुसरा जखमी झाला, पण गन चालूच राहिली. बंदिस्त जागेतही आडोसा असला की बॉम्बचे तुकडे सगळ्यांना लागत नाहीत, म्हणून बॉम्बपाठोपाठ आत शिरावेच लागते. जखमी अंगाने ते बाजूच्या भिंतीवर चढले, आत घुसले आणि गोळ्या झाडणाऱ्याला संगिनीने संपवले. जखमांमुळे त्यांना मृत्यू आला. पहिल्या बंकरपेक्षा हा दुसरा पराक्रम मोठा मानावा लागतो: मागे फिरायला जखम हे पुरेसे कारण होते.

रांचीतला मुख्य चौक आणि आगरतळ्यातले उद्यान त्यांच्या नावाने आहे.

गार्ड्समध्ये विशिष्ट जात किंवा प्रांताची अट नसते, त्यामुळे विदर्भातला मुलगाही तिथे लागू शकतो. मग प्रशिक्षण कामठीलाच. भरतीच्या ग्राउंडमध्ये १६०० मीटर धाव साडेपाच मिनिटांच्या आत आली की पूर्ण ६० गुण, १० पुलअप्सना ४० गुण. शिवाय ९ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि तोल सांभाळून चालणे. खेड्यातली पोरे बहुधा पहिल्याच फेरीत जीव तोडून पळतात आणि शेवटच्या फेरीत मागे पडतात. रोज डांबरी रस्त्यावर धावल्याने नडगी दुखू लागते. आठवड्यातले निम्मे दिवस तरी शेताच्या धुऱ्यावरून किंवा शाळेच्या मैदानावर धावावे.