सुरीची सफाई वेगळी, सुरीचा ओघ वेगळा

हाताने घडवलेली सुरी पाहिली आणि पातं आरशासारखं चमकत असलं, की दाद ठरलेली: "काय फ्लो आहे!" अहो, ती सफाई आहे. ओघ म्हणजे नजर टोकावरून निघून मुठीच्या बुडापर्यंत कुठेही न अडखळता पोचणं. कानशीचे ओरखडे असलेल्या अर्धवट सुरीतही तो असू शकतो आणि लखलखीत सुरीत त्याचा पत्ता नसतो.

सफाई सगळ्यांना कळते: फट नको, ओरखडा नको, पिना मुठीच्या लाकडाशी सपाट हव्यात. माझं मत विचाराल तर ६०० नंबरच्या पेपरने एकाच दिशेत घासलेलं पातं आरसा-पॉलिशपेक्षा कधीही चांगलं. आरशात आजूबाजूचं सगळं दिसतं, पात्याचा आकार मात्र हरवतो.

खरा घोळ होतो तो पातं आणि मूठ भेटतात तिथे. दोन रेषा नुसत्या भेटणं वेगळं आणि एक रेषा दुसरीत पुढे चालू राहणं वेगळं. माझ्या एका सुरीचा गार्ड (पातं आणि मूठ यांच्यामधला आडवा धातूचा तुकडा) इतका घट्ट बसला होता की सांध्यातून उजेडाचा कणही येत नव्हता. तरी हातभर लांब धरली की दोन वेगळ्या सुऱ्यांचे तुकडे जोडल्यासारखी दिसायची. पात्याची पाठ टोकाकडून चढत गार्डपर्यंत आली होती आणि मुठीची वरची कड गार्ड ओलांडताच खाली वळली होती. रेषा भेटल्या, पण दिशा जुळली नाही, त्यामुळे तिथे कोपरा झाला. शाळेतली स्पर्शिका आठवा: वर्तुळाला जिथे टेकते तिथे तिची आणि वर्तुळाची दिशा एकच असते. सांध्यावर नेमकं तेच हवं.

"फुल टँग आहे, पट्टी एकच, मग ओघ तुटेल कसा?" हेही कितीदा ऐकावं! फुल टँग म्हणजे पात्याचीच पट्टी मुठीच्या बुडापर्यंत गेलेली. पट्टी एक असते, रेषा एक असेलच असं नाही. सरळ चाललेली पाठ मुठीपाशी अचानक कमानीत शिरली की तिथे नजर ठेचकाळते. ट्यूबलाइटखाली सुरीची पाठ हळूहळू फिरवून बघा. प्रकाशाची रेघ जिथे उडी मारते तिथे ओघ तुटलेला असतो. डोळे मिटून पाठीवरून अंगठा फिरवला तरी कळतं. पॉलिशने हा दोष झाकत नाही, उलट जास्त उठून दिसतो.

याचं मूळ कागदावर असतं. आधी मनाजोगतं पातं काढायचं आणि मग त्याला मूठ चिकटवायची, ही सवय सोडा. पातळ स्टीलची पट्टी तीन खिळ्यांमध्ये वाकवा आणि टोकापासून बुडापर्यंत एकच रेघ ओढा. गार्ड कुठे येणार ते नंतर त्या रेघेवर ठरवा. स्टीलची पट्टी आपणहून कोपरा करत नाही.

वळणं जास्त म्हणजे ओघ जास्त, असंही नाही. अमेरिकन कारागीर बॉब लव्हलेस (१९२९–२०१०) यांची ड्रॉप पॉइंट शिकारी सुरी पाहा: पाठ टोकाकडे अलगद उतरते, बस. मुठीवर बोटांसाठी चार खाचा पाडणं तर मला अजिबात पटत नाही. खालची रेषा चार ठिकाणी तुटते आणि खाचा एकाच मापाच्या हाताला बसतात.

बोल्स्टरची (मुठीच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्याची) पुढची कड आणि प्लंज लाइन (पात्याचा घासून काढलेला उतार मुठीकडे जिथे संपतो ती रेघ) यांचा तिरकसपणा सारखा ठेवा, नाहीतर ठळकपणे वेगळा. पाचेक अंशांचा फरक कोणालाही मुद्दाम केलेला वाटत नाही, चूकच वाटते.