फॉइड कार्ड आणि शस्त्र बाळगण्याचा परवाना (इलिनॉय) : नूतनीकरण, दुरुस्ती व दुय्यम प्रत

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात बंदूक किंवा काडतुसे जवळ ठेवणाऱ्या रहिवाशाकडे राज्य पोलिसांनी दिलेले ओळखपत्र असावे लागते. ‘फायरआर्म ओनर्स आयडेंटिफिकेशन’ या लांबलचक नावाची आद्याक्षरे घेऊन सगळे त्याला ‘फॉइड’ म्हणतात. त्याचा कायदा 1967 मध्ये झाला आणि 1 जुलै 1968 पासून अमलात आला. अमेरिकेतल्या बहुसंख्य राज्यांत असे कार्ड नाही, त्यामुळे दुसऱ्या राज्यातून राहायला आलेल्या बंदूकधारकाला पहिला धक्का बसतो तो इथेच.

भारतातला शस्त्रपरवाना माहीत असलेल्याने एक फरक आधी समजून घ्यावा. आपल्याकडे परवान्यावर बंदुकीचा प्रकार आणि क्रमांक नोंदलेला असतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. फॉइड कार्डावर बंदुकीचा उल्लेखच नसतो. हा माणूस शस्त्र ठेवण्यास पात्र आहे, एवढेच ते सांगते. त्याच्या घरी एक बंदूक आहे की दहा, हे कार्डावरून कळत नाही. कार्ड माणसाचे आहे, शस्त्राचे नाही. या व्यवस्थेतले बरेवाईट सगळे या एका गोष्टीतून निघते.

कार्डासाठी दहा डॉलर शुल्क आहे आणि त्याची मुदत दहा वर्षे. 21 वर्षांखालील अर्जदाराला आई, वडील किंवा पालकाची लेखी संमती लागते. शिकागोच्या उपनगरांत मराठी कुटुंबे बरीच आहेत. त्यांच्यापैकी ग्रीन कार्डधारकांना अर्ज करता येतो. एच-1बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना मात्र, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, देशाच्या संघीय कायद्यानेच बंदूक बाळगण्याची मनाई आहे.

बंदूक कपड्यांखाली लपवून बाहेर नेण्याचा परवाना वेगळा. तो द्यायला सर्वांत शेवटी सुरुवात करणारे अमेरिकेतले राज्य म्हणजे इलिनॉय. डिसेंबर 2012 मध्ये संघीय अपील न्यायालयाने राज्याची सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि जुलै 2013 मध्ये विधिमंडळाने राज्यपालांचा आक्षेप डावलून कायदा केला. वय किमान 21, 16 तासांचे प्रशिक्षण, रहिवाशाला 150 डॉलर आणि बाहेरच्या राज्यातील व्यक्तीला 300 डॉलर शुल्क, मुदत पाच वर्षे. स्थानिक पोलीस अर्जाला हरकत घेऊ शकतात. ती सात जणांच्या मंडळापुढे जाते. नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा तीन तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते.

कार्डातील बदलांचे नियम साधे आहेत, पण मुदती वेगवेगळ्या असल्याने माणसे चुकतात. घर बदलले तर फॉइडधारकाने 21 दिवसांत जुना आणि नवा पत्ता राज्य पोलिसांना कळवायचा. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने नाव बदलले तर 30 दिवसांत दुरुस्त कार्डासाठी अर्ज करायचा. दुरुस्त कार्डाला पाच डॉलर पडतात, आणि हरवल्याची किंवा चोरीची खबर दिली असेल तर दुय्यम प्रतीलाही तेवढेच. बाहेर नेण्याच्या परवान्याचे गणित वेगळे: पत्ता किंवा नाव बदलल्यास 30 दिवस, हरवल्याचे लक्षात आल्यास 10 दिवस, आणि नव्या प्रतीला 75 डॉलर. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता दुसऱ्याच खात्याकडे बदलावा लागतो. तिथे बदलला म्हणून इथे बदलला, असे समजू नये. 2021 च्या कायद्याने दोन्ही परवाने एकाच कार्डावर देण्याची आणि ते मोबाइलवर दाखवण्याची सोय झाली.

मुदत संपण्याच्या 180 दिवस आधी धारकाला सूचना जाते. जुन्या पत्त्यावर गेलेली ही सूचना दुसऱ्याच्याच पेटीत पडते, म्हणून पत्त्याची नोंद वाटते त्याहून महत्त्वाची आहे. मुदतीआधी अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुने कार्ड चालते. अर्ज राहून गेला तर मात्र कपाटातली तीच बंदूक एका रात्रीत बेकायदा होऊ शकते. 2020 मध्ये साथीच्या काळात अर्जांचा पूर आला. लोक महिनोन् महिने खोळंबले, काही जण न्यायालयात गेले, आणि मुदत संपलेली कार्डे वैध मानण्याचा आदेश पोलिसांना काढावा लागला. ज्या हक्काला घटनेचा आधार आहे तो टपालाच्या रांगेत अडकू नये, ही तक्रार रास्त होती. घरातल्या बंदुकीसाठी कार्डाची सक्ती घटनाबाह्य आहे असा निकाल राज्यातल्याच व्हाइट काउंटीच्या (जिल्ह्याच्या) न्यायालयाने 2018 मध्ये दिला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो घटनेच्या प्रश्नात न शिरता रद्द केला.

पण कार्ड देण्याइतकेच ते काढून घेणेही या व्यवस्थेचे काम आहे, आणि तिथली चूक जिवावर बेतते. शिकागोजवळच्या अरोरा शहरातील एका माणसाला जानेवारी 2014 मध्ये फॉइड कार्ड मिळाले. मार्चमध्ये त्याने पिस्तूल घेतले आणि बाहेर नेण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. त्या अर्जासोबत बोटांचे ठसे दिल्याने 1995 मधील मिसिसिपी राज्यातली गंभीर मारहाणीची शिक्षा उघडकीला आली. कार्ड रद्द झाले, तसे पत्रही गेले. पिस्तूल त्याच्याकडेच राहिले. 15 फेब्रुवारी 2019 रोजी कामावरून काढले गेल्यावर त्याने त्याच पिस्तुलाने पाच सहकाऱ्यांना ठार मारले आणि धावून आलेल्या पोलिसांनाही जखमी केले.

कार्ड रद्द झाल्यावर 48 तासांत ते पोलिसांकडे जमा करावे आणि शस्त्रे कोणाच्या ताब्यात दिली याची लेखी नोंद द्यावी, असा नियम आहे. ही नोंद न देणाऱ्याच्या दारात कोणी जायचे, हा अरोराचा प्रश्न होता. 2021 च्या कायद्याने अशी शस्त्रे परत मिळवण्यासाठी पैशांची तरतूद केली. बोटांचे ठसे सक्तीचे करण्याचा मूळ प्रस्ताव मात्र विरोधामुळे मागे पडला आणि ते ऐच्छिक राहिले. जो देईल त्याचे नूतनीकरण आपोआप व्हावे अशी सवलत ठेवली गेली. अरोराच्या माणसाची जुनी शिक्षा ठशांमुळेच सापडली होती, हे पाहता ही माघार खटकते.

4 जुलै 2022 रोजी शिकागोजवळच्या हायलंड पार्क शहरात अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात सात जण मारले गेले. हल्लेखोराला 19 व्या वर्षी वडिलांच्या संमतीने कार्ड मिळाले होते. त्याच्याविषयी स्थानिक पोलिसांनी 2019 मध्ये धोक्याचा अहवाल पाठवला होता, पण तेव्हा त्याच्याकडे कार्डही नव्हते आणि अर्जही नव्हता, म्हणून त्यावर पुढे काही झाले नाही. गोळीबारानंतर त्याच महिन्यात राज्य पोलिसांनी नियम बदलला: असा अहवाल आता कार्ड नसलेल्या व्यक्तीविषयी आला तरी जपून ठेवला जातो, आणि ती व्यक्ती पुढे अर्ज करते तेव्हा विचारात घेतला जातो.