बर्गंडीतील वाइन पर्यटन

पूर्व फ्रान्समधील बर्गंडी (फ्रेंच उच्चार बूर्गोन्य) प्रांतात द्राक्षबागा, वाइनची तळघरे आणि वाइनशी निगडित उत्सव पाहण्यासाठी होणारे पर्यटन. ते मुख्यतः दिजाँ शहरापासून दक्षिणेस सांतने गावापर्यंतच्या सुमारे ६० किमी. लांबीच्या अरुंद पट्ट्यात चालते. पूर्वेकडे तोंड करून असलेल्या या टेकडीच्या उतरणीला तिथले लोक नुसते ‘कोत’ म्हणजे उतार म्हणतात. त्याचा उत्तरेकडचा भाग कोत द न्वी व दक्षिणेकडचा कोत द बोन. तांबड्या वाइनसाठी पिनो न्वार आणि पांढरीसाठी शार्दोने या इथल्या मुख्य जाती. गामे ही भरपूर पिकणारी जात इथून उपटून टाकावी, असे फर्मान फिलिप द बोल्ड या ड्यूकने १३९५ मध्येच काढले होते.

बोर्दो या फ्रान्समधील दुसऱ्या प्रसिद्ध वाइनप्रदेशात गेलेला पर्यटक बागेमागचे महाल बघून येतो. बर्गंडीत महाल थोडेच; मालक बहुधा गावात राहणारा शेतकरी आणि अंगणात त्याचा ट्रॅक्टर. इथे बघायचे असते ते शेत. म्हणूनच पहिल्या भेटीत पुष्कळांची निराशा होते. नाशिक-सांगलीकडच्या मांडवाखाली उभे राहण्याची सवय असलेल्याला तर ही झाडे खुजीच वाटतील. ती जेमतेम कमरेएवढी असतात, एकमेकांपासून सुमारे एक मीटरवर लावलेली असतात (हेक्टरी जवळजवळ दहा हजार) आणि त्यांना ठिबक वगैरे काही नसते. ओळीत ट्रॅक्टर शिरायला जागा नसल्याने तो ओळीच्या डोक्यावरून, दोन्हीकडे चाके टाकून चालतो.

क्लिमा. या शब्दाचा इथला अर्थ हवामान नव्हे, तर हद्द आणि नाव ठरलेला जमिनीचा तुकडा. असे १,२४७ तुकडे २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंदले गेले. पेर्रिएर म्हणजे दगडखाणीची जागा, क्लो द ला रोश म्हणजे खडकाची कुंपणबाग, झनव्ह्रिएर म्हणजे जुनिपरच्या झुडपांची जागा. आपल्याकडे सातबाऱ्यावर गट नंबर असला तरी घरात बोलताना ‘खडकाळी’, ‘आंब्याची पट्टी’ असेच म्हणतात. त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे ते नाव बाटलीवर छापले जाते आणि तेच भाव ठरवते. उताराच्या मध्यावर चुनखडी व चुनखडीयुक्त चिकणमातीचे मिश्रण असते, पाण्याचा निचरा होतो आणि सकाळचे ऊन थेट मिळते. ग्राँ क्रू या सर्वोच्च दर्जाच्या बागा बहुतेक तिथेच आहेत. पायथ्याशी माती खोल आणि ओलसर, तिथली वाइन साधी. सायकलवरून पाऊण तासात हा सगळा फरक डोळ्यांनी दिसतो. बोन ते सांतने हा बागांमधून जाणारा सुमारे २० किमी.चा सायकलमार्ग त्यासाठी सर्वांत सोयीचा.

हे तुकडे पाडण्याचे बरेचसे श्रेय मठांना जाते. १०९८ मध्ये स्थापन झालेल्या सितो मठाच्या सिस्टर्शियन साधूंनी बाराव्या शतकापासून व्हूजो येथे जमिनी मिळवल्या आणि पुढे सुमारे ५० हेक्टरांना दगडी भिंत घातली. ही बाग म्हणजे क्लो द व्हूजो. आतल्या वास्तूत साधूंच्या काळच्या अजस्र लाकडी दाबयंत्रांचे दर्शन होते. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या, आणि नेपोलियनच्या कायद्याने सर्व वारसांना समान वाटा दिला. पुढच्या वाटण्यांचे चित्र मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. क्लो द व्हूजोची फाळणी मात्र १८८९ च्या विक्रीनंतर झाली; आज भिंतीच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. काहींच्या वाट्याला चारदोन ओळीच आल्या आहेत. बाटलीवर नाव तेच असले तरी आतली वाइन निराळी का, याचे उत्तर इथे उभे राहिल्यावर कळते.

पर्यटनाची सुरुवात. फिलॉक्सेरा किडीने बागा उद्ध्वस्त केल्या, मग पहिले महायुद्ध आणि जागतिक मंदी आली. तळघरात माल पडून होता, गिऱ्हाईक नव्हते. या अडचणीतून १९३४ मध्ये न्वी-सँ-जॉर्ज येथे ‘कॉन्फ्रेरी दे शव्हालिए द्यु तास्तव्हँ’ हे मंडळ निघाले. माल खपत नसेल तर पाहुणे बोलवावेत, हा त्यामागचा रोकडा विचार. तांबडे-सोनेरी झगे, गाणी, मेजवान्या असा मध्ययुगीन थाट त्यांनी उभा केला. तो बव्हंशी नव्याने रचलेला होता, पण चांगलाच चालला. क्लो द व्हूजोची वास्तूही पुढे याच मंडळाकडे आली. १९३७ मध्ये ‘रूत दे ग्राँ क्रू’ हा वाइनमार्ग आखला गेला. १९३८ पासून जानेवारीच्या अखेरीस दरवर्षी वेगळ्या गावात ‘सँ व्हँसाँ तूर्नांत’ भरतो. द्राक्षबागायतदारांचा पाठिराखा संत व्हिन्सेंट याच्या मूर्ती घेऊन गावोगावच्या मंडळ्या कडाक्याच्या थंडीत मिरवणुकीने निघतात. सभासद आजारी पडला तर त्याच्या बागेतली कामे इतरांनी करायची, अशी या मंडळ्यांची मूळ रीत.

बोन शहर या पर्यटनाचे केंद्र. बर्गंडीच्या तत्कालीन ड्यूकचा चान्सलर निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३ मध्ये गरिबांसाठी स्थापन केलेले ओतेल-द्यू हे रुग्णालय, त्याची रंगीत कौलांची नक्षीदार छपरे आणि रोगिर व्हान डेर वेयडेन याने रंगवलेला ‘अंतिम न्याय’ पाहण्यासाठी रांग लागते. दात्यांनी रुग्णालयाला जमिनी दिल्या. आजही संस्थेकडे सुमारे ६० हेक्टर बागा आहेत. त्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून होतो, आता नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. २२८ लिटरच्या पिंपांनी बोली लागते. दुसऱ्या दिवशी मेर्सो गावी ‘पोले’ ही मेजवानी असते, आणि तिथे वाइन ज्याने त्याने घरून आणायची असते.

तळघरातील चव. तळघरात बारमाही साधारण १२ अंश तापमान असते. उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी असावे. यजमान काचेच्या नळीने पिंपातून थोडी वाइन ओढून पेल्यात सोडतो. पूर्वी पेल्याऐवजी ‘तास्तव्हँ’ ही उथळ चांदीची वाटी वापरत. तिच्या तळाचे उंचवटे-खळगे मेणबत्तीचा उजेड परावर्तित करून अंधारात वाइनचा रंग दाखवीत. चव घेऊन थुंकण्यात गैर काही नाही; दहा वाइन चाखून गाडी चालवायची असेल तर तेच शहाणपण. छोट्या बागायतदारांकडे आधी वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नये. सप्टेंबरच्या तोडणीत त्यांना पाहुण्यांसाठी सवड नसते, आणि नामांकित घरे तर दारच उघडत नाहीत. अनोळखी माणसासाठी २०२३ मध्ये बोन, शाब्ली आणि माकों येथे उघडलेली क्लिमा व वाइनविषयक केंद्रे त्यामुळे सोयीची आहेत.

व्होन-रोमाने गावावरचे रोमाने-काँती हे या सगळ्या वारीतले शेवटचे ठिकाण. जेमतेम १.८ हेक्टर, बुटकी दगडी भिंत, एक क्रूस. जगातल्या सर्वांत महाग वाइनपैकी एक इथे पिकते. भिंतीवरच्या पाटीवर, इथे पुष्कळ लोक येतात हे आम्ही जाणतो, पण कृपया रस्त्यावरच थांबावे, अशा अर्थाचा मजकूर आहे. लोक थांबतात, फोटो काढतात. शेजारच्या तुकड्याशी ताडून बघतात; मधल्या अरुंद वाटेखेरीज फरक दिसत नाही. हिवाळ्यात आले तर छाटणी चालू असते. लोखंडी पिंप उभे कापून त्याला चाक लावलेल्या हातगाडीत कोणीतरी ओळीच्या कडेला काड्या जाळत असतो.