दूरस्थ डिस्पॅच (आपत्कालीन सेवा)

आपत्कालीन कॉल घेणे आणि मदतीच्या गाड्या (पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन) रवाना करणे हे काम नियंत्रण कक्षाबाहेरून, इंटरनेटच्या आधारे करण्याची पद्धत. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया शहराने 2020 मध्ये कोविडच्या सुरुवातीला 911चे (तिथला आपत्कालीन क्रमांक) कॉल घरून घेण्याची सोय केली. महाराष्ट्रात 112 या आपत्कालीन क्रमांकाचा कॉल नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो. नोंद जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि तिथून गाडीतल्या टर्मिनलवर (सूचना दाखवणाऱ्या पडद्यावर) जाते. म्हणजे कॉल घेणारा आणि गाडी पाठवणारा इथेही एका छताखाली नसतात, पण दोघेही कक्षातच बसतात. घरून काम करताना मधला दुवा साध्या ब्रॉडबँडचा असतो, आणि खरी अडचण तिथेच येते.

एका कॉलच्या आवाजाला जी.711 कोडेकवर (आवाज डिजिटल करण्याची पद्धत), व्हीपीएनचा (केंद्राशी जोडणारा सुरक्षित इंटरनेट दुवा) बोजा धरून, प्रत्येक दिशेला साधारण 100 किलोबिट प्रतिसेकंद पुरतात. त्यामुळे वेग सहसा कमी पडत नाही, विलंब नडतो. घरातल्या कुणी मोठा व्हिडिओ अपलोड करायला घेतला की राउटरमधली रांग तुंबते आणि आवाज तुटू लागतो. एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा. राउटरवर अपलोडची मर्यादा लाइनच्या क्षमतेच्या 85-90 टक्क्यांवर बांधून आवाजाला अग्रक्रम दिला की त्रास बराच कमी होतो. लॅपटॉप वायरने जोडावा, हेडसेटही वायरचाच घ्यावा. राउटर आणि ओएनटी (फायबरची लाइन घरात जिथे येते ती पेटी) दोन्ही यूपीएसवर (बॅटरीवर) हवेत. ओएनटी हमखास विसरला जातो, आणि वीज गेली की लॅपटॉप चालू, पण लाइन बंद.

ब्रॉडबँड बंद पडल्यावर राउटर मोबाइलच्या सिमवर जातो, तेव्हा आयपी पत्ता बदलतो, व्हीपीएन तुटते आणि चालू संभाषणही तुटते. म्हणून कॉल हा केंद्रातल्या सर्व्हरवरच धरून ठेवावा: ऑपरेटरची जोडणी तुटली तरी फोन करणारा लाइनवर राहतो आणि रांगेत सर्वांत पुढे येऊन दुसऱ्याकडे जातो. ही सोय नसेल तर घरून कॉल घेऊच नयेत. ध्वनिमुद्रणही केंद्रातच व्हावे.

गाड्यांशी बिनतारी बोलणे याहून अवघड. रेडिओ गेटवेमार्फत (इंटरनेटवरचा आवाज बिनतारी यंत्रणेत सोडणारे यंत्र) जाणाऱ्या आवाजाची सुरुवात कापली जाते: 'एकशे बावीस'चे 'बावीस' होते आणि भलतीच गाडी निघते. गेटवेने बफर (साठवलेला आवाज) रिकामा होण्याआधी प्रक्षेपण थांबवले तर शेवट कापला जातो. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'आत जाऊ नका'मधला 'नका' गेला तर अर्थच उलटतो. यासाठी बोलण्याचे बटण दाबून क्षणभर थांबावे, वाक्य संपल्यावरही ते क्षणभर दाबून ठेवावे, आणि गाडीकडून सूचना परत म्हणवून घ्यावी. शक्यतो कॉल घरून घ्यावेत, रेडिओ कक्षातच ठेवावा.

खोली बंद होणारी हवी. पत्ते, आजार, तक्रारी घरच्यांच्या कानावर पडता कामा नयेत. कामाची पाळी सुरू होण्यापूर्वी चाचणी कॉल करावा, मग मुख्य लाइनची वायर काढून तो कॉल टिकतो का ते पाहावे. टिकला नाही तर त्या दिवशी कक्षात जाऊनच बसावे.