बावड्याचा लक्ष्मी-विलास आणि दोन तारखा

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर जातो आणि शाहू महाराजांचा राजवाडा पाहायचा म्हणून न्यू पॅलेस गाठतो. महाराजांचा जन्म मात्र तिथला नव्हे. तो कसबा बावड्यातल्या लक्ष्मी-विलास राजवाड्यातला, 1874 सालचा. कागलकर घाटग्यांचे हे चिरंजीव, नाव यशवंतराव. 17 मार्च 1884 रोजी दत्तकविधान झालं आणि ते करवीरचे शाहू छत्रपती झाले. 2 एप्रिल 1894 ला राज्यकारभार हाती आला. पुढचं इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

न्यू पॅलेसचं बांधकाम 1877 ते 1884 या काळातलं. काळ्या घडीव दगडाची इमारत, मधोमध घड्याळाचा मनोरा, तळमजल्यावर संग्रहालय आणि वर छत्रपती घराण्याचं राहतं घर. दरबार हॉल, शस्त्रं, पेंढा भरलेले वाघ पाहून माणूस दिपून जातो. संस्थानाचं वैभव तिथं नीट कळतं. महाराजांनी केलं काय, ते कळायला बावड्याकडं वळावं लागतं, आणि तिथं आधी तारखेचा प्रश्न आडवा येतो.

जुन्या चरित्रांत जन्मतारीख 26 जुलै 1874 अशी छापली आहे. कित्येक वर्षं जयंतीही 26 जुलैलाच व्हायची. पुढं कागदपत्रं तपासून 26 जून ही तारीख मान्य झाली आणि आता तोच दिवस राज्यभर सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात. दुरुस्ती रास्तच होती. पण जुन्या पिढीतल्या अनेकांच्या मनातून जुलै जाता जात नाही आणि त्यामुळं दर काही वर्षांनी हा वाद पुन्हा निघतो.

गुंता वाढतो तो 1902 मुळं. करवीर सरकारचा पन्नास टक्के जागांचा हुकूमही 26 जुलैचाच. महाराज तेव्हा विलायतेत होते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतल्या लोकांना द्याव्यात, असा तो हुकूम. त्यामागचं चित्र साधं होतं: 1894 मध्ये दरबारच्या 71 वरिष्ठ जागांपैकी 60 जागा एकाच जातीच्या लोकांकडं होत्या. हुकमात आणखी एक कलम आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. यापुढं केलेल्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखानं दर तिमाहीला पाठवायचा. म्हणजे हुकूम काढून महाराज मोकळे झाले नाहीत, अंमलबजावणीचा हिशेबही मागितला. देशातल्या आरक्षणाचा इतिहास सांगताना हा तक्ता वगळणं मला पटत नाही. जयंती जूनमध्ये गेली म्हणून 26 जुलैचं मोल रतीभरही कमी होत नाही. उलट त्या दिवसाला आता स्वतःचा मान मिळायला हवा होता, तो अजून म्हणावा तसा मिळालेला नाही.

लक्ष्मी-विलासकडं सरकारचं लक्ष गेलं ते बऱ्याच उशिरा. डागडुजी झाली, वाडा उभा राहिला, पण आतलं संग्रहालय वर्षानुवर्षं रेंगाळलं. आराखडे झाले, निधीच्या घोषणा झाल्या, पाहणी दौरे झाले. दर 26 जूनला सकाळी अभिवादनाला गर्दी होते, हार चढतात, आश्वासनं मिळतात. मधल्या काळात नर्सरी बागेतलं समाधीस्थळ पूर्ण होऊन 2020 मध्ये लोकार्पण झालं. 6 मे 2022 ला स्मृतिशताब्दीनिमित्त सकाळी दहा वाजता कोल्हापूर 100 सेकंद जागच्या जागी थांबलं. रस्त्यावरची वाहनंसुद्धा थांबली. लोकांचं प्रेम आटलेलं नाही, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

जन्मस्थळी काय दाखवावं यावर मतं वेगवेगळी आहेत. कुणाला दरबाराचा थाट हवा, कुणाला शिकार आणि कुस्ती, कुणाला राधानगरी धरणाची प्रतिकृती. माझ्या मते पहिल्या दालनात तो 1902 चा हुकूम असावा, पूर्ण मजकुरासह, मोठ्या अक्षरांत, तिमाही तक्त्याच्या कलमासकट. वाघ-बिबटे बघायला न्यू पॅलेस आहेच.